डाव्या कानशिलाचा डाग

चौसाळा
९ फेब्रुवारी २०२५

अंजू,

आधीच्या कागदावर वर 'अनेक आशीर्वाद' लिहिलं होतं. तो कागद फाडला. मी तुला आशीर्वाद देणं बरं दिसत नाही.

पत्ता भिवराआत्यानं दिला. नंबर दे म्हणलं तर म्हणाली, "नंबर दिला तर ती माज्याशी बी बोलायची बंद होईल. पत्र लिही. तिला वाटलं तर वाचंल." नाशिकला तू आता मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहेस, हेही तिच्याकडूनच कळलं.

लिहायचं कारण माझी मुलगी, तेजश्री. मायच्या दहाव्याला तू आलीस तेव्हा तिनं तुला पाणी आणून दिलं होतं. तू उंबऱ्याबाहेर उभी राहूनच प्यालीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. आबांकडं बघितलंसुद्धा नाहीस. माझ्याकडं तर नाहीच.

तेजू आता अकरा वर्षांची आहे. दिवाळीपासून तिचं डोकं दुखतंय. अर्धंच, डाव्या बाजूचं. दुखायच्या आधी तिला वहीवरची अक्षरं मधेच गायब झालेली दिसतात. मग उजेड सोसत नाही. उलट्या होतात. परवा ती ढेपेच्या पोत्यांमागं अंधारात जाऊन पडली होती, तासभर सापडली नाही. सापडली तेव्हा तिनं आईची ओढणी डोळ्यांवर बांधली होती, मागं गाठ मारून. तिला हे कुणी शिकवलं नाही, अंजू. ती जन्मायच्या आधीच तू हे घर सोडलंस. 

गावातल्या डॉक्टरनं पित्त म्हणून गोळ्या दिल्या. चष्म्याच्या दुकानात नजर तपासली, ती चांगली आहे. पुढं काय करावं कळत नाही. आणि मला आबांचा भरवसा वाटत नाही. जुनं माणूस. कुणी डोक्यात भरवलं तर परत विळा चुलीत जायला वेळ लागायचा नाही. त्या दिवशी तुला डाग देताना मी तुझे पाय दाबून धरले होते, त्याची लाज मला अजून वाटते. आबांना थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं.

तेवढं काय करायचं ते कळव. माझ्यासाठी नको, पोरीसाठी.

सोमेश्वर


चौसाळा
२ मार्च २०२५

अंजू,

तुझी चिठ्ठी मिळाली. वर नाव नाही, खाली नाव नाही, चार ओळी. 'अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजला दाखव. कधी दुखलं, त्याआधी काय खाल्लं, किती झोपली, हे रोज वहीत लिहून ठेव. डाग, गंडा, अंगारा काही नको. मला परत लिहू नकोस.'

पहिल्या तिन्ही गोष्टी ऐकल्या. चौथी ऐकवत नाही.

मंगळवारी आम्ही अंबाजोगाईला गेलतो. मी, तेजू आणि तुझी वहिनी सत्यशीला. माझी आपे रिक्षा घरीच ठेवली, एसटीनं गेलो. रांग मोठी होती. आमच्या पुढं एक बाई आठ-नऊ वर्षांच्या पोराला घेऊन बसली होती. त्याच्या कपाळावर दोन ताजे डाग होते, पिकलेले. डॉक्टर बाईंनी ते बघितले आणि पोराच्या आजोबाला आत बोलावलं. दार उघडंच होतं.

आजोबा म्हणाले, "पर मॅडम, गुण आला की. दुसऱ्या दिवशी दुखायचं थांबलं."

बाई म्हणाल्या, "आजोबा, हे दुखणं दिवस-दोन दिवसांत आपलं आपण थांबतंच. तुम्ही त्याला नुसतं अंधारात निजवलं असतं तरी थांबलं असतं. तुम्ही पोराला भाजलंत, आणि थांबल्याचं श्रेय भाजण्याला दिलंत."

मी बाकड्यावर बसून होतो. तुला डाग दिला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं डोकं दुखायचं राहिलं होतं. तेव्हा अख्ख्या वस्तीत आपल्या घरचा गुण सांगत कोण फिरलं होतं, ते तुला आठवत असेल. आठ दिवसांनी जखम चिघळली, तुला ताप भरला आणि बारावीचे पेपर गेले, तेव्हा मात्र मी मेंढरांकडं निघून गेलो.

आमचा नंबर आल्यावर बाईंनी तेजूला सगळं निवांत विचारलं. हातपाय हलवून बघितले, डोळ्यात उजेड टाकला. म्हणाल्या, हे मायग्रेन आहे, आपल्याकडं अर्धशिशी म्हणतात ते. घाबरायचं नाही, पण हसण्यावारीही न्यायचं नाही. मग मला विचारलं, "घरात अजून कुणाला आहे?"

"माझ्या बहिणीला."

"त्यांनी काय उपचार केले?"

मी म्हणलं, "गोळ्या."

तेजूनं माझ्याकडं बघितलं. तिला डाग माहीत आहे. मायच्या दहाव्याला तुला पाणी देताना तुझी डावी भुवई एका बाजूनं ओढलेली बघून तिनं तेव्हाच विचारलं होतं.

अजून एक कबूल करायचं आहे. दिवाळीनंतर पहिल्यांदा तेजूचं डोकं दुखलं, तेव्हा ती शाळेत जात नाही म्हणाली आणि मी ओरडलो, "नाटकं करू नकोस." अगदी तेच शब्द, जे मी तुला बोलायचो. तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले.

सोमेश्वर


चौसाळा
२३ मार्च २०२५

अंजू,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितोय. वही सुरू आहे म्हणून लिहितोय.

तेजूनं शंभर पानी वही केली आहे. तारीख, किती वाजता उठली, काय खाल्लं, पाणी किती प्याली, ऊन लागलं का, दुखलं का. बाईंनी बजावलं होतं की वही पोरीनंच लिहायची, आईबापानं नाही. तीन आठवड्यांत इतकं समजलं की मला आपल्या अडाणीपणाचं नवल वाटलं.

तिची सकाळची शिकवणी साडेसहाला असते. ती चहासुद्धा न घेता जायची आणि परस्पर शाळेत. दुखण्याचे पाचपैकी चार दिवस असेच उपाशी सकाळचे निघाले. पाचवा दिवस बाजाराचा. त्या दिवशी मी तिला भर दुपारी आपेत पुढं बसवून नेलं होतं, समोरच्या काचेतून ऊन थेट डोळ्यांवर. आता ती भाकरी-दूध खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. दप्तरात पाण्याची बाटली आणि गूळ-शेंगदाणे. डोक्यावर टोपी. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. मोबाइल संध्याकाळी बंद. शाळेत सरांना बाईंची चिठ्ठी दाखवली, त्यांनी तिला खिडकीपासून लांब बसवलं आणि उन्हातल्या कवायतीतून सोडलं. अक्षरं गायब व्हायला लागली की दुखायची वाट न बघता लगेच लिहून दिलेली गोळी, पाणी आणि अंधाऱ्या खोलीत निजणं. पण गोळी आठवड्यात दोन दिवसांच्या वर नाही. जास्त झाली तर गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, म्हणाल्या.

ते ऐकलं आणि तू किराणा दुकानातून आणलेल्या गोळ्यांचं पाकीट आठवलं, दप्तरात पुस्तकांच्या खाली लपवलेलं. तू रोज खायचीस. कुणाला सांगणार होतीस? सांगितलं असतंस तर मीच हसलो असतो.

वहीत त्या पाचांपैकीच एका दिवशी, बारा तारखेला, तेजूनं लिहिलं होतं, 'आबांच्या बिडीचा वास आला. मग दुखलं.' ती वही मोठ्यानं वाचत होती आणि आबा ओसरीवर होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी बिडी ओढली नाही. चाळीस-पन्नास वर्षांची बिडी. पहिले तीन-चार दिवस नुसते चरफडत मेंढरांच्या वाड्याभोवती फेऱ्या मारत होते. मी म्हणलं, आबा, लांब जाऊन ओढा की. म्हणाले, "कपड्याला वास ऱ्हातो."

पहिल्या पत्रात मी त्यांच्याबद्दल जे लिहिलं, ते बरोबर लिहिलं नाही. अजूनही बरंच बरोबर लिहिलेलं नाही.

सोमेश्वर


चौसाळा
६ एप्रिल २०२५

अंजू,

हे पत्र तू बसून वाच.

शुक्रवारी मी बीडचं भाडं घेऊन गेलतो. दुपारी सत्यशीलाचा फोन आला. तेजूचं डोकं उठलंय, गोळी उलटीत पडली, पोरगी विव्हळतीय, आणि शहादेवकाका आलाय. काका म्हणजे आपला तोच, आबांचा चुलतभाऊ. त्यानं घरात शिरतानाच म्हणलं होतं म्हणे, "म्हाळूदादा, पोरीचं हाल कावून करता? अंजूला गुण आला हुता का न्हाई? विळा तापवा, दोन मिन्टाचं काम."

मी आपे कशी हाणली ते मला माहीत. तास लागला.

येऊन बघतो तर आबा उंबऱ्यावर बसलेले. घरातले दोन्ही विळे मांडीखाली घेतलेले, काठी आडवी गुडघ्यांवर. शहादेवकाका निघून गेला होता. आत सत्यशीला तेजूच्या कपाळावर ओलं फडकं ठेवत होती. खिडकीला घोंगडी लावलेली. मी चप्पल काढून आत जायला लागलो तर आबांनी काठी आडवी धरली.

"हात दाखव," म्हणाले.

मला आधी समजलं नाही.

"दोनी हात दाखव, सोम्या. मोकळं हायत का बघू."

मी दोन्ही हात पुढं केले. त्यांनी ते खालीवर करून नीट बघितले. मग काठी बाजूला घेतली.

चौदा वर्षांत त्यांनी मला त्या दिवसाबद्दल एका शब्दानं बोल लावला नव्हता. हाच पहिला.

अंजू, तुझ्या डोळ्यांवर ओढणी होती. तू बघितलं नाहीस. तुझे पाय मी धरले नव्हते. पाय शहादेवकाकानं धरले होते.

तुझी परीक्षा आठ दिवसांवर होती. तू तीन दिवस पडून होतीस. माय लग्नाला तेलगावला गेलती. मी चार महिने मेंढरांमागं हिंडून नुकताच घरी आलो होतो, पायाला भेगा, अंगाला वास. आणि बघतो तर तू अंधारात निजलेली, आबा तुला पाणी देतायत. मला दहावीनंतर त्यांनी काठी दिली आणि तुला बारावीला घातलं, हे माझ्या मनात सलत होतं. मला वाटलं, हिला अभ्यास नको आणि काम पण नको. मीच आबांना म्हणलं, "मेंढराला देता तसा हिला एक डाग द्या, उठून बसती का न्हाई बघा." आबा म्हणाले, "पोरगी हाय ती, मेंढरू न्हाई." मी दोन दिवस त्यांच्या मागं लागलो. परीक्षा बुडंल, पोरगी आंधळी होईल, काय वाटेल ते बोललो. शहादेवकाकाला बोलावून आणलं ते पण मीच. शेवटी आबांनी मान हलवली.

त्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. "डोळं मिट बाळा, एवढंच," म्हणाले. ते तू ऐकलंस. मग त्यांनी विळ्याला हात घातला आणि तुझ्या कपाळाजवळ आणून तो परत खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नाही म्हणून. तोंडानं बोलले असते तर तुला कळलं असतं. बोलले नाहीत.

विळा मी उचलला. मी टेकवला. एकदा नाही, दोनदा.

तू ओरडलीस, "आबा!" तू त्यांना हाक मारत होतीस. वाचवायला. पण त्या दिवसापासून सगळ्यांनी धरलं की डाग आबांनी दिला म्हणून तू त्यांचं नाव घेतलंस. तूसुद्धा तसंच धरलंस. आणि मी धरू दिलं.

भिवराआत्या तुला घेऊन गेली, त्या दिवशी मी आबांना म्हणलं होतं, मी जाऊन खरं सांगतो. पोटातून म्हणलं नव्हतं, त्यांनी नको म्हणावं म्हणून म्हणलं होतं. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. बापावर रागावली तर कवातरी माघारी यील. भावानं केलं म्हणून कळलं तर आमच्या मागं तिला माह्यार न्हाई ऱ्हायचं." मी लगेच ऐकलं. इतक्या पटकन मी त्यांचं दुसरं काहीच कधी ऐकलं नाही.

तेजू संध्याकाळी उठली. खिचडी खाल्ली. वहीत तिनं लिहिलं, 'आज आबा दारात बसले होते.'

माफ कर असं मी लिहीत नाही. तू आबांशी बोल. सोबतच्या चिठ्ठीवर नंबर सत्यशीलाचा आहे, माझा नाही.

सोमेश्वर


बीड, बसस्टँड
११ मे २०२५

अंजू,

आबा आणि तेजू सकाळी सातच्या नाशिक गाडीत बसले. हे पत्र पोचेल तेव्हा त्यांना तुझ्याकडं येऊन तीन-चार दिवस झालेले असतील, म्हणजे सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. तरी लिहितोय.

तुझा फोन आला तेव्हा मी वाड्यात होतो. सत्यशीलानं फोन आबांच्या हातात दिला. त्यांना कानाला लावून नीट ऐकू येत नाही, म्हणून आवाज मोठा केला होता. मी कुडाच्या मागं उभा राहून ऐकलं. ऐकायला नको होतं.

आधी आबाच म्हणाले, "जेवलीस का?"

तू म्हणालीस, "आबा, तुमी मला सांगितलं कावून न्हाई?"

आबा म्हणाले, "काय सांगायचं, बाळा."

"चौदा वर्सं, आबा. माय गेली तवा मी तुमच्या शेजारी बसले सुदिक न्हाई."

मला वाटलं आता ते म्हणतील, मी काही केलं नव्हतं. त्यांचा हक्क होता. पण ते म्हणाले, "विळा माज्या हातात नव्हता, हे खरं. पर तुजं डोकं म्याच धरलं हुतं, अंजे. सोडलं असतं तर तू पळाली असतीस. म्या सोडलं न्हाई." आणि मग ते रडायला लागले. मी त्यांना माय गेली तेव्हाही रडताना बघितलं नव्हतं. फोनवर तू पण रडत होतीस. मी तिथनं निघालो आणि मेंढरांना पाणी दाखवायला गेलो. पाणी आधीच दाखवलेलं होतं.

मी सगळं तुला लिहून मोकळा झालो असं मला वाटलं होतं. ते ऐकल्यावर कळलं की आबा कधीच मोकळे झाले नव्हते, आणि माझ्या पत्रानंही होणार नाहीत. तुझी चौदा वर्षं गेली तशी त्यांचीही गेली. त्यांना रोज दारात तू येशील असं वाटायचं, हे मी बघत होतो, आणि त्यांच्या ताटाशेजारी बसून जेवत होतो.

सुट्टीत दोघांना पाठवा, असं तू सत्यशीलाला म्हणालीस. दोघांना. तिनं मला सांगताना मान खाली घातली. मी म्हणलं, बरोबर आहे.

तेजू गेल्या महिनाभरात फक्त दोनदा दुखण्यानं पडली. दोन्ही वेळा गोळी वेळेवर घेतली. डॉक्टर बाई म्हणाल्या, इतकं कमी राहिलं तर रोजच्या गोळीची गरज नाही. वही तिच्या पिशवीत आहे. गाडीत तिला सावलीच्या बाजूला बसवलंय. आबांनी नवं धोतर नेसलंय आणि तुझ्यासाठी घोंगडी घेतलीय. नाशिकला मे महिन्यात घोंगडीचं काय करतील, असं सत्यशीला म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही.

गाडी सुटायच्या आधी आबांनी खिडकीतून मला जवळ बोलावलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. म्हणाले, "सोम्या, तुजं काय सांगू तिला?"

मला काही सुचलं नाही. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली. तेजूनं हात केला, मी पण केला.

त्याला आता दीड तास झाला. स्टँडवरच्या बाकड्यावर बसून हे लिहितोय. अजूनही सुचलेलं नाही.

सोमेश्वर